ग-३ चा तास

शाळेत त्यांना तोंडावर सगळे मोठ्या बाई म्हणत. पाठीमागे त्यांचं नाव दुर्बीण होतं. जाड भिंगांचा चष्मा हे त्याचं एक कारण. दुसरं कारण असं की मुख्याध्यापिका म्हणून आल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी सगळ्यांच्या वर्गांत डोकावायचा घाट घातला होता.

बघण्याची ही खोड वडिलांकडून आलेली. वडील शिंपी होते. गिऱ्हाईक शर्टाची तारीफ करायला लागलं की ते शर्ट उलटा करून आतली शिवण पुढे धरायचे आणि म्हणायचे, "आधी इथं बघा, मग बोला." मुलीने हे एवढं मनावर घेतलं की लग्नानंतर सासरच्या उशांचे अभ्रेसुद्धा तिने उलटे करून पाहिले. "माझं निरीक्षण तीस वर्षं चाललंय," त्यांचे यजमान आल्यागेल्याला सांगत, "शेरा काही अजून मिळालेला नाही."

पण खोडीला जखमेची जोड मिळाली की तिचं व्रत होतं, तसं बाईंचं झालं. नोकरीची पहिली नऊ वर्षं त्यांनी गणित शिकवलं. नवव्या वर्षी ताप आला म्हणून दवाखान्यात पडल्या असताना नाडी बघायला आलेली नर्स त्यांचीच विद्यार्थिनी निघाली. ती हसत म्हणाली, "बाई, मी शेवटच्या बाकावर असायचे. तुम्ही फळ्याकडे तोंड करून बोलायचात ना, आमच्यापर्यंत काही यायचंच नाही. आम्ही आपले हाताची घडी, तोंडावर बोट." पोरीने मनात काही न ठेवता सांगितलं होतं. बाईंना मात्र तापापेक्षा त्याचीच धग जास्त लागली. नऊ वर्षांत एकही माणूस त्यांच्या वर्गात मागे येऊन बसला नव्हता. त्यांचे मुख्याध्यापक व्हरांड्यातून जाता जाता कान द्यायचे, आवाज आला नाही की समाधानाने पुढे जायचे. नऊ वर्षांची शेवटच्या बाकावरची मुलं वाया गेली, हे बाई कधी विसरल्या नाहीत.

म्हणून या नव्या शाळेत त्यांनी योजना आणली. प्रत्येक शिक्षकाने आठवड्यातून एकदा दुसऱ्याच्या तासाला मागे बसायचं. बसणाऱ्याने एक पत्रक भरायचं. त्यात चारच प्रश्न होते. शिकवणाऱ्याने काय विचारलं, वर्गात गप्प कोण राहिलं, तास कुठे वळला, आणि यातलं मी माझ्या वर्गात काय नेईन. पत्रकावर बसणाऱ्याची सही नको, म्हणजे कुणाला कुणाची भीड नको. भरलेलं पत्रक स्टाफरूममधल्या खडूच्या रिकाम्या पेटीत टाकायचं. शिवाय दर महिन्याला सगळ्या तुकड्यांना एकच चाचणी, आणि आपल्या वर्गाचे पेपर आपण तपासायचे नाहीत.

स्टाफरूममध्ये बाईंनी हे सांगितलं तेव्हा चोवीस माणसं अशी बसली होती, जणू कुणी त्यांच्या घराच्या किल्ल्या मागतंय. बोलले ते भूगोलाचे सर. तीस वर्षांची नोकरी, आवाज घंटेसारखा, आणि वर्गाचं दार कायम आतून लावलेलं. ते म्हणाले, "बाई, बी रोज उकरून बघितलं तर उगवत नाही."

"मी रोज उकरत नाहीये, सर. आठवड्यातून एकदाच."

"नव्याचे नऊ दिवस," कुणीतरी मागून पुटपुटलं, आणि सगळ्यांना जरा बरं वाटलं.

कोणी कोणाच्या तासाला बसायचं याची यादी करायला बाईंनी पर्यवेक्षकांना सांगितलं. पर्यवेक्षक म्हणजे शाळेचं वेळापत्रक करणारा माणूस. स्टाफरूमच्या भिंतीवर एक मोठी लाकडी पाटी होती, तिच्यावर बारीक खिळे आणि खिळ्यांवर पुठ्ठ्याचे चौकोन. चौकोनावर नाव नाही, विषय आणि आकडा. भूगोलाचे सर म्हणजे भू-१. गणिताला ग-१, ग-२ आणि ग-३. पर्यवेक्षकांनी पाटीवरून यादी उतरवून दिली. त्यात गुरुवारी चौथ्या तासाला, आठवी ब मध्ये, ग-३ च्या वर्गात भू-१ बसणार होते. बाईंनी यादीवर सही केली. विज्ञानाच्या बाई गणिताचेही काही तास घेतात हे त्यांनी ऐकलं होतं, तेव्हा ग-३ म्हणजे त्याच, असं त्या धरून चालल्या. शिवण उलटी करून बघणारी बाई, पण तेवढी एक शिवण त्यांनी बघितली नाही.

पहिल्या तीन आठवड्यांत पेटीत जी पत्रकं पडली, ती वाचून बाईंना रडू यायचं बाकी राहिलं. "तास चांगला झाला." "फळ्यावरील अक्षर सुवाच्य." "वर्ग शांत." सगळ्यांनी मिळून पालथ्या घड्यावर पाणी घालायचं ठरवलेलं दिसत होतं. दर आठवड्याला एकच पत्रक निराळं असायचं. ते ग-३ चं.

"बाईंनी सात प्रश्न विचारले. एकाचंही उत्तर स्वतः दिलं नाही," त्यात लिहिलं होतं. "खिडकीजवळची मुलगी गप्प होती. बाई तिच्या बाकावर जाऊन बसल्या. मुलांनी वहीचा कागद दुमडला तिथे तास वळला. माझ्या वर्गात मी थांबणं नेईन. मी कधी थांबत नाही." पुढच्या आठवड्याचंही तसंच, त्याच्या पुढचंही. बाईंनी ती तिन्ही पत्रकं पर्समध्ये ठेवली. संध्याकाळी घरी वाचून दाखवली तेव्हा यजमान म्हणाले, "एक तरी शिवण सरळ निघाली म्हणायची."

मग पहिली चाचणी झाली. आठवीला एक प्रश्न होता, दिलेल्या वर्तुळाचं केंद्र शोधा. इतर तुकड्यांत निम्म्या मुलांनी तो सोडला होता किंवा अंदाजाने ठिपका दिला होता. आठवी ब च्या एकेचाळीस पेपरांपैकी अडतीस बरोबर. आणि त्या अडतीस पेपरांत कंपास कुणी वापरलेलाच नव्हता. प्रत्येकाने कागदावरचं वर्तुळ काठावर काठ जुळवून दोनदा दुमडलं होतं, आणि दोन घड्या जिथे एकमेकींना छेदत होत्या तिथे टिंब दिलं होतं. खाली एकच वाक्य, अडतीस हस्ताक्षरांत अडतीस वेळा: "डोळ्याला विचारू नका, घडीला विचारा."

सोमवारच्या बैठकीला बाई ते पेपर घेऊन गेल्या. आनंदाने त्यांचा आवाज जरा चढला होता. त्यांनी आधी पत्रक वाचून दाखवलं, मग एक पेपर खिडकीकडे धरून त्याच्या घड्या दाखवल्या. म्हणाल्या, "मला कुणालाही लाजवायचं नाही. पण चांगलं दिसलं तर ते सगळ्यांनी बघावं. ग-३, जरा उभ्या राहता का?"

बैठक सुरू झाली तेव्हा निम्मी माणसं गालात हसत होती. पत्रकाचा दुसरा परिच्छेद येईपर्यंत ते हसू गेलं होतं. आता कुणी कुणाकडे बघत नव्हतं. बाईंनी विज्ञानाच्या बाईंकडे पाहिलं.

"मी नाही, बाई," त्या हळूच म्हणाल्या. "माझा आकडा वि-२."

"मग ग-३ कोण?"

पर्यवेक्षक उठले आणि पाटीशी जाऊन उभे राहिले, जणू ती त्यांना आधार देईल. "बाई, ग-३ वारल्या. दीड वर्ष झालं. जागा भरली नाही. पुठ्ठा काढला असता तर वरच्या कार्यालयाने पदच रद्द केलं असतं. म्हणून मी चौकोन तसाच ठेवला. तो तास मुलं आपली आपण बसतात. यादी करताना माझ्या हातून उतरला."

"आणि तुम्हा सगळ्यांना हे माहीत होतं."

माहीत होतं. तीन आठवडे सगळी स्टाफरूम याच गोष्टीवर चहा पीत होती, की दुर्बिणीने मेलेल्या बाईचं निरीक्षण लावलंय, बघू कधी दिसतं तिला. गंमत होती ती. पण पत्रकं कुणीतरी भरतंय, हे एकाला सोडून कुणालाच माहीत नव्हतं.

ज्याला भीती वाटते तो आधी चिडतो. त्याच दुपारी एक कागद फिरला. ही योजना शिक्षकांच्या मनःस्वास्थ्याला घातक आहे, ती बंद व्हावी, अन्यथा आम्ही वरती कळवू. शनिवारपर्यंत उत्तर द्यावं. चोवीसपैकी सतरा सह्या झाल्या होत्या आणि पहिली भूगोलाच्या सरांची. सतरा माणसं विरोधात गेल्यावर योजना रेटता येत नाही, एवढं बाईंना कळत होतं. म्हणजे पुन्हा बंद दारं, आणि दारांमागे कुठेतरी शेवटच्या बाकावर काही न ऐकू येणारी मुलं. शनिवारला पाच दिवस होते.

शाळा सुटताना त्या आठवी ब च्या दाराशी उभ्या राहिल्या. खिडकीजवळची मुलगी दप्तर भरत होती.

"गुरुवारी चौथ्या तासाला कोण असतं गं तुम्हाला?"

"बाई असतात."

"त्या बाई तुम्हाला आधी कधी होत्या?"

"नाही. आम्ही लहान होतो. त्या मोठ्यांना होत्या." मुलीने दप्तराचा पट्टा खांद्यावर घेतला. "आता आम्हाला आहेत." वेळापत्रकात आहे म्हणून तास आहे, यात विचारण्यासारखं काय, असा तिचा चेहरा होता.

मंगळवारी भूगोलाचे सर स्वतःहून बाईंच्या खोलीत आले. दार लावलं आणि खुर्चीच्या कडेवर बसले. "ती पत्रकं माझी," ते म्हणाले.

"तुमची खोडी आहे ही, सर?"

"पहिल्या दिवशी खोडीच काढायला गेलो होतो. म्हटलं, रिकाम्या वर्गात बसू, मेलेल्या बाईबद्दल चार चांगल्या ओळी लिहू, तुम्ही त्या भर बैठकीत वाचाल आणि सगळे हसतील. गेलो, मागे बसलो." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "मग तास झाला."

"म्हणजे काय झालं?"

"मला काही दिसलं नाही, बाई. ऐकूही आलं नाही, शपथेवर सांगतो. पण एकेचाळीस पोरं एका जागी बघत होती, आणि ती जागा हलत होती." घंटेसारखा आवाज आता फक्त त्यांच्या ओठांपुरता उरला होता. "फळ्यापासून टेबलापर्यंत. टेबलापासून मधल्या वाटेने. सगळ्यांचे डोळे एकदम. खिडकीपाशी ती जागा थांबली, तेव्हा ती मुलगी सरकली. जागा करून दिली तिने."

"आणि सात प्रश्न?"

"सात वेळा सगळी पोरं थांबली. आणि सात वेळा कुणीतरी उठून उत्तर दिलं."

बाईंना भीती वाटली हे त्यांनी नंतर यजमानांपाशी सरळ कबूल केलं. त्या क्षणी त्यांनी एवढंच विचारलं, "मग तुम्ही सही का केलीत, बंद करा म्हणून?"

"पुढच्या गुरुवारी मला तिथे जायचं नाही म्हणून."

सर गेल्यावर बाईंनी कपाटातून जुनं लॉगबुक काढलं. मुख्याध्यापकाने कुणाचा तास पाहिला, काय शेरा दिला, हे त्यात लिहायचं असतं, प्रत्येक शिक्षकाला चार पानं. ग-३ बाईंनी या शाळेत सव्वीस वर्षं काढली होती. त्यांची चारही पानं कोरी होती. पानांमध्ये एका टाचणीला सहा अर्ज मात्र लावलेले होते, वेगवेगळ्या वर्षांचे, एकाच नेटक्या अक्षरातले. "माझा एखादा तास पाहून मार्गदर्शन करावे ही नम्र विनंती." प्रत्येकावर लाल शाईत तेच उत्तर होतं. "आवश्यकता नाही. वर्ग शांत असतो."

बाईंनी तो लाल शेरा पुन्हा पुन्हा वाचला. सगळी शाळा जी गोष्ट टाळायला सह्या करत होती, ती या बाईने सहा वेळा लेखी मागितली होती. आणि मिळालं काय, तर ज्या शेऱ्याने मोठ्या बाईंची स्वतःची नऊ वर्षं मातीत घातली होती तोच. त्यांना त्या न पाहिलेल्या बाईची इतकी दया आली, आणि लाल शाईवाल्याचा इतका संताप, की भीतीने त्या दोघांना थोडी जागा करून दिली. ती गेली नाही, नुसती बाजूला सरकली.

जाता जाता व्हरांड्यात त्यांनी सरांना गाठलं आणि अर्ज दाखवले. सर ते बघून भिंतीला टेकले. "मलाही म्हणाल्या होत्या एकदा," ते म्हणाले. "या ना बसायला, सांगा कुठे चुकतेय. मी म्हणालो, तुमचं काय बघायचं, तुमचा वर्ग तर शांत असतो."

गुरुवारी चौथ्या तासाला लख्ख ऊन होतं. व्हरांड्यात सहावीच्या मुलांचा पाढ्यांचा गलका चालला होता. बाई आठवी ब मध्ये गेल्या, कुणाशी न बोलता शेवटच्या बाकाच्या एका टोकाला बसल्या आणि पत्रक मांडीवर घेतलं. घंटा झाली. एकेचाळीस मुलं उभी राहिली आणि बसली. फळ्यापुढे कुणी नव्हतं.

मग डोळे हलले. सरांनी सांगितलं होतं तरी ते प्रत्यक्ष बघणं वेगळं. एकही पापणी चुकत नव्हती. बाई मुलांच्या डोळ्यांवरून तास वाचू लागल्या, आणि थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आलं की आपण घाबरायचं विसरलोय, कारण तास चांगला होता. फार चांगला होता. त्या लिहू लागल्या. "दुसऱ्या प्रश्नानंतर बराच वेळ थांबल्या. घाई करायचा मोह झाला नाही." "डावीकडच्या रांगेकडे मात्र पाठ झाली, तिथली तीन मुलं सुटली." कौतुक करावं तशी चूकही लिहिली. मार्गदर्शन मागितलं होतं, नुसता हार नव्हे.

तास संपायला पाच मिनिटं असताना ती जागा मधल्या वाटेने मागे यायला लागली. मुलांच्या माना एकेक रांग करत वळल्या. शेवटी एकेचाळीस चेहरे बाईंकडे होते. बाईंकडे म्हणजे त्यांच्या शेजारी, बाकाच्या रिकाम्या टोकाकडे. बाकाची फळी हलकेच करकरली. खडूचा वास आला.

बाईंना शेजारी बघवलं नाही. त्यांनी पत्रकाच्या शेवटी तारीख घातली, आणि सही नको हा स्वतःचाच नियम मोडून पूर्ण सही केली. मग पत्रक बाकावरून रिकाम्या बाजूला सरकवलं. "तुम्ही सहा वेळा बोलावलंत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "उशीर झाला. तास पाहिला मी."

घंटा होईपर्यंत वर्गात कुणी हललं नाही. घंटा झाली आणि पोरं एकदम पोरांसारखी झाली, डबे, धक्के, आरडाओरडा. पत्रक बाकावर तसंच पडलं होतं. बाईंनी उचललं तेव्हा त्याच्यावर दोन घड्या पडलेल्या होत्या. काठावर काठ जुळवून घातलेल्या, सहीच्या बरोबर वर एकमेकींना छेदणाऱ्या. बाईंनी ते लॉगबुकच्या कोऱ्या पानावर चिकटवलं.

शनिवारी भूगोलाचे सर सह्यांचा कागद घेऊन आले. पहिल्या नावावर काट मारलेली होती, आणि खाली आणखी नऊ नावांवर. "उरलेले सात नुसते हट्टी आहेत, येतील," सर म्हणाले. मग थोडा वेळ दाराच्या कडीशी चाळा करत राहिले. "सोमवारी दुसरा तास माझा, सहावी अ. येऊन बसा, बाई. मी असताना बघा."

ग-३ ची जागा अजून भरली नव्हती, म्हणून गुरुवारचा चौथा तास बाईंनी स्वतःकडे घेतला. पाटीवरचा चौकोन पर्यवेक्षकांनी काढायला हात घातला होता. बाई म्हणाल्या, राहू द्या. कितीतरी वर्षांनी त्या खडू हातात घेऊन उभ्या होत्या. यादीप्रमाणे मागे बसायची पाळी भूगोलाच्या सरांची होती. ते शेवटच्या बाकाच्या एका टोकाला बसले. बाक चांगला लांब असूनही ते अगदी अंग चोरून बसले होते.

बाईंनी फळ्यावर वर्तुळ काढलं आणि मुद्दाम वर्गाकडे तोंड केलं. नऊ वर्षं जे विचारायचं राहून गेलं होतं ते त्यांनी आधी विचारलं.

"शेवटच्या बाकापर्यंत ऐकू येतंय का?"

सरांनी हात वर करायच्या आत खिडकीजवळच्या मुलीने मागे वळून शेवटच्या बाकाकडे पाहिलं. आधी एका टोकाला, मग दुसऱ्या.

"हो, बाई," ती म्हणाली. "दोघांनाही येतंय."